डॉक्युमेंटेशन कसे वाचावे, हेही शिकवले जावे

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून संगणक शाखेविषयी मार्गदर्शनपर लेख येतात. कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकली तर नोकरी लवकर लागते, पुण्याला जावे की कोल्हापुरातच राहावे, अशा प्रश्नांची चर्चा त्यांत होते आणि ती उपयोगाचीही असते. परंतु ज्या एका कौशल्यावाचून या व्यवसायातील माणसाचा एकही दिवस जात नाही, त्याचा उल्लेख मला या लेखांत कधी आढळला नाही. आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांशी बोलल्यावर असे कळते की तो वर्गातही होत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरचे अधिकृत डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते बनवणाऱ्यांनीच त्याविषयी लिहिलेली माहिती, विशेषतः त्यातील संदर्भ विभाग, उघडून त्यातून हवी ती गोष्ट नेमकी कशी शोधावी, हे ते कौशल्य. त्याविषयी जरा विस्ताराने लिहीत आहे. पत्र लांबल्यास क्षमा असावी.

शाहूपुरीतील एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयात मी सोळा वर्षे काम करीत आहे. दूध संस्थांची बिले, फौंड्रीतील मालसाठ्याच्या नोंदी, पतसंस्थांचे हिशेब, अशी आमची कामे. दरवर्षी जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांमधून तीन-चार विद्यार्थी आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येतात. ही मुले कष्टाळू असतात, त्यांना पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे व्याकरण येते, परीक्षेत गुणही चांगले असतात. तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांनी पायथॉनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनचे पान चार वर्षांत एकदाही नीट वाचलेले नसते.

मागील वर्षीची एक घटना सांगतो, कारण हे पत्र लिहिण्याचे निमित्त तीच आहे. करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेसाठी आम्ही दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्रॅम तयार करीत होतो. सकाळ-संध्याकाळच्या दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) आणि त्यानुसार दर, यांवरून सभासदाची रक्कम निघते, आणि त्या संस्थेच्या जुन्या पद्धतीप्रमाणे एकूण बिल पूर्ण रुपयात केले जाते. पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असतील तर वरचा रुपया धरायचा. हे काम आम्ही एका शिकाऊ मुलाकडे दिले होते. त्याने पायथॉनमधील राउंड हे फंक्शन, म्हणजे संख्येचे पूर्णांकन करणारी तयार आज्ञा, वापरले. सचिवांनी ती बिले आपल्या वहीशी ताडून पाहिली, तेव्हा काही सभासदांना एक रुपया कमी पडत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. चूक सगळीकडे असती तर लवकर सापडली असती, पण १८४३ रुपये ५० पैशांचे बिल बरोबर १८४४ होत होते आणि १८४२ रुपये ५० पैशांचे बिल मात्र १८४३ न होता १८४२ वरच थांबत होते.

त्या मुलाने दोन दिवस घालवले. त्याने व्हिडिओ पाहिले, इंटरनेटवरून कोणाकोणाची उत्तरे उतरवून घेतली, रकमेत थोडी भर घालून पाहिली, त्यामुळे दुसरीच बिले बिघडली. शेवटी मी त्याच्याशेजारी बसलो आणि पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमधील अंगभूत फंक्शन्सचे पान उघडले. तेथे राउंड या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे की एखादी संख्या दोन्ही बाजूंच्या मूल्यांपासून सारख्याच अंतरावर असेल, तर निवड सम संख्येकडे होते; उदाहरणही दिले आहे की राउंड ०.५ चे उत्तर ० येते आणि राउंड १.५ चे उत्तर २ येते. त्याच नोंदीखाली आणखी एक सूचना आहे, की २.६७५ ही संख्या दोन दशांशांपर्यंत राउंड केल्यास २.६८ ऐवजी २.६७ मिळते, आणि हा दोष नसून बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकात द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ वापरून, तंतोतंत साठवता येत नाहीत, याचा तो परिणाम आहे. पैशांच्या हिशेबासाठी डेसिमल हे वेगळे मॉड्यूल, म्हणजे तयार सोयींचा संच, आहे, त्यात ‘राउंड हाफ अप’ म्हणजे अर्ध्याला वर नेण्याचा पर्याय सांगता येतो, आणि त्याच्या पानावर प्रारंभीच ते लेखाकर्मासाठी का योग्य आहे याचे कारणही दिले आहे. एवढे वाचायला आम्हाला दहा मिनिटे लागली. पुढच्या अर्ध्या तासात बिले सचिवांच्या वहीशी जुळली.

सभासदाच्या दृष्टीने एक रुपयाची ही बाब लहान नाही. संस्थेवरचा विश्वास त्या वहीवर आणि त्या बिलावर उभा असतो. म्हणून मी त्या मुलाला विचारले की हे पान आधी का उघडले नाहीस. त्याचे उत्तर मला अजून आठवते: “सर, उघडले होते, पण कुठून वाचायला सुरुवात करायची तेच कळले नाही.” त्याने डॉक्युमेंटेशनचे मुखपृष्ठ उघडले होते, पहिल्या दुव्यावर गेला होता, तेथे ट्युटोरियलचे पहिले प्रकरण लागले, ते वाचू लागला आणि चौथ्या प्रकरणापर्यंत राउंडचा पत्ता न लागल्याने ते बंद करून पुन्हा व्हिडिओकडे वळला. यात आळस नव्हता. कोशात शब्द शोधायला निघालेला माणूस जर पहिल्या पानापासून क्रमाने वाचू लागला, तर त्याला कोश वापरणे कोणी शिकवलेच नाही एवढाच त्याचा अर्थ होतो.

इथे बहुतेक जण इंग्रजीला दोष देतात. इंग्रजीची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु माझे वडील शिवाजी उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, मराठी शाळेतले. वर्कशॉपमधील बेअरिंगचे कॅटलॉग संपूर्ण इंग्रजीत होते, आणि वडील ते रोज वापरत. ६२०५ या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास निघतो, म्हणजे २५ मिलिमीटर. मग तक्त्यात आडव्या ओळीने गेले की बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. ६३०५ घेतले तर आतले माप तेच राहते, पण बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७ होते, हे त्यांच्या मेस्त्रींनी त्यांना कॅटलॉग पुढ्यात ठेवून शिकवले होते. कॅटलॉगच्या सुरुवातीची इंग्रजी प्रस्तावना वडिलांनी कधी वाचली नाही आणि त्यांना तिची गरजही पडली नाही. कोणता तक्ता कशासाठी आहे, स्तंभाच्या शीर्षस्थानी कोणते चिन्ह आहे आणि तळटीप कधी पाहायची, एवढे त्यांना पक्के माहीत होते. आपल्या गावोगावच्या दूध संस्थांमध्ये आजही असेच चालते: दरपत्रकात उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे दर, हे सभासदाला न अडखळता वाचता येते. रचना कळली की भाषेचे ओझे निम्मे होते, हा माझा घरातला अनुभव आहे.

मग डॉक्युमेंटेशनची रचना असते तरी कशी, आणि ती विद्यार्थ्याला किती वेळात समजावता येईल? माझ्या मते दोन-तीन तास पुरतात. सर्वप्रथम हे सांगावे लागते की डॉक्युमेंटेशन या एका नावाखाली निरनिराळ्या प्रकारचे लेखन एकत्र ठेवलेले असते. सॉफ्टवेअर क्षेत्रातील डॅनिएले प्रोचिदा यांनी त्याची चार प्रकारांत केलेली मांडणी या क्षेत्रात बरीच मान्य झाली आहे: नवशिक्याला हात धरून नेणारे ट्युटोरियल, विशिष्ट काम कसे करावे हे सांगणारी मार्गदर्शिका, प्रत्येक गोष्टीचे नेमके वर्णन करणारा संदर्भ, आणि ती गोष्ट तशी का आहे याचे विवेचन. या चारही प्रकारांची वाचण्याची रीत वेगळी आहे. ट्युटोरियल क्रमाने, हाताने करून पाहत वाचायचे. संदर्भ विभागात मात्र प्रश्न हातात घेऊन शिरायचे आणि उत्तर मिळताच बाहेर पडायचे. ज्याला हा फरक कुणी सांगितला नाही, तो संदर्भाला कंटाळवाणे ट्युटोरियल समजतो आणि त्याला दूर ठेवतो.

पायथॉनचे उदाहरण घेतले तर तेथे ट्युटोरियल वेगळे आहे, लायब्ररी रेफरन्स वेगळा आहे आणि लँग्वेज रेफरन्स त्याहून वेगळा आहे. राउंड काय करते हा प्रश्न लायब्ररी रेफरन्सचा. इफ किंवा फॉर या विधानांची घडण कशी असते हा प्रश्न लँग्वेज रेफरन्सचा. याशिवाय शब्दार्थसूची आहे, सर्व मॉड्यूल्सची यादी आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी अकारविल्हे सूचीही आहे. ही सूची मुलांना ठाऊकच नसते, हे मला सर्वांत अधिक खटकते. कारण शोधचौकटीत नेमका कोणता शब्द टाकावा हे ज्याला सुचत नाही, त्याला सूचीवरून नुसती नजर फिरवली तरी तो शब्द भेटतो.

आमच्या संस्थांचे हिशेब आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. त्याचे डॉक्युमेंटेशन एखाद्या मोठ्या ग्रंथाप्रमाणे भागांत विभागले आहे: प्रारंभी ट्युटोरियल, दुसऱ्या भागात एसक्यूएल या डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेचे विवेचन, पुढे सर्व्हरची देखभाल, आणि सहाव्या भागात प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र नोंद असलेला संदर्भ. त्यामुळे साठवलेली माहिती काढून देणाऱ्या सिलेक्ट या एकाच आज्ञेविषयी दोन ठिकाणी मजकूर सापडतो. दुसऱ्या भागात ती समजावून सांगितली आहे आणि सहाव्या भागात तिची संपूर्ण घडण दिली आहे. दोन्ही पाने आवश्यक आहेत. कोणत्या वेळी कोणते, हे कळले पाहिजे. दुधाच्या बिलाचा प्रश्न या डेटाबेसमध्येही उद्भवतो, आणि त्याचे उत्तर संख्यांच्या प्रकारांच्या पानावर एका वाक्यात आहे: दशांश तंतोतंत साठवणाऱ्या न्यूमेरिक प्रकारात बरोबर अर्धा आला तर पूर्णांकन शून्यापासून दूरच्या बाजूला होते, तर ते जवळपास मूल्याने साठवणाऱ्या डबल प्रिसिजन प्रकारात बहुतेक यंत्रांवर ते सम संख्येकडे होते. म्हणजे स्तंभाचा प्रकार निवडताना हे एक वाक्य वाचले असेल, तर सभासदाचा रुपया वाचतो.

ही परंपरा काही आजची नाही. युनिक्स या संगणक कार्यप्रणालीची पहिली प्रोग्रॅमर्स मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घेऊन आली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेल्या त्या पुस्तिकेतील नोंदींचा साचा, म्हणजे नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित नोंदी आणि ज्ञात दोष, आजही लिनक्स या कार्यप्रणालीच्या मॅन (म्हणजे मॅन्युअलच्या) पानांत जवळजवळ तसाच टिकून आहे. आपल्या साधनात कोणते दोष आहेत हे बनवणाऱ्यांनी स्वतःच नोंदीत लिहून ठेवावे, या प्रामाणिकपणाचे मला फार मोल वाटते, आणि तो भाग विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावा. मॅन पानांचे क्रमांकित विभाग असतात. पहिल्यात वापरकर्त्याच्या आज्ञा, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात लायब्ररीतील फंक्शन्स, पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात व्यवस्थापकाच्या आज्ञा. प्रिंटएफ हे नाव पहिल्या विभागातही आहे आणि तिसऱ्यातही. सी भाषेच्या विद्यार्थ्याला तिसऱ्यातील हवे असते, पण विभागाचा क्रमांक न दिल्यास संगणक पहिल्यातील दाखवतो, आणि मुलगा गोंधळतो. कंसात लिहिलेला तो लहानसा क्रमांक कशासाठी आहे, हे वर्गात कोणी दोन मिनिटांत सांगितले असते तर हा गोंधळ झालाच नसता. पानाच्या अखेरीस ‘हेही पहा’ अशी यादी असते. आपल्या मराठी विश्वकोशात नोंदीअखेर ‘पहा’ म्हणून इतर नोंदींकडे बोट दाखवलेले असते, तेच काम ती यादी करते. नेमके नाव माहीत नसताना जवळच्या नोंदीवरून हव्या त्या नोंदीपर्यंत जाण्याची ती वाट आहे.

नोंद सापडल्यावर ती वाचायची कशी, हा पुढचा भाग, आणि इथे चिन्हांचे महत्त्व फार आहे. वापरण्याच्या रीतीत चौकटी कंसात असलेला मजकूर ऐच्छिक असतो, तीन टिंबे म्हणजे तोच घटक पुन्हा देता येतो. पायथॉनच्या नोंदीत कंसामध्ये तिरकी रेघ दिसली, तर तिच्या आधीची मूल्ये केवळ जागेच्या क्रमाने द्यायची असतात. तारका दिसली, तर तिच्या पुढची मूल्ये नाव घेऊनच द्यावी लागतात. बरोबरीच्या चिन्हापुढे जे लिहिलेले असते ते आपण काही न दिल्यास आपोआप धरले जाणारे मूल्य. मुले ही ओळ ओलांडून थेट उदाहरणाकडे धाव घेतात आणि उदाहरण आपल्या कामाशी जुळले नाही की अडतात. फंक्शन परत काय देते, याकडेही त्यांचे लक्ष नसते. यादीचे सॉर्ट हे मेथड मूळ यादीच क्रमाने लावते आणि परत काहीच देत नाही, तर सॉर्टेड हे फंक्शन नवी यादी देते; दोन्ही नोंदींत हे स्पष्ट लिहिले असूनही, सॉर्टचे उत्तर नव्या नावात साठवून ते रिकामे का आले म्हणून विचारणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो.

आवृत्तीचा प्रश्न तर आमच्या जिल्ह्यात विशेष जाणवतो. गावातील संस्थेचा संगणक बऱ्याचदा जुना असतो. काही ठिकाणी अजून विंडोज सेव्हन आहे. त्यावर पायथॉनची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, ३.९ पासून पुढच्या चालत नाहीत. सभासद क्रमांकाच्या आधीचे अक्षर काढून टाकण्यासाठी एका मुलीने रिमूव्हप्रीफिक्स ही सोय वापरली. कार्यालयात ती चालली आणि संस्थेत गेल्यावर बंद पडली. त्या नोंदीखाली ‘३.९ आवृत्तीत समाविष्ट’ अशी ओळ आहे. अशा ओळी, तसेच ‘अमुक आवृत्तीत बदलले’ आणि ‘अमुक आवृत्तीपासून वापरू नये’ या ओळी, बारीक अक्षरांत असल्या तरी नोंदीचा गाभा असतात. आपण जे पान वाचत आहोत ते कोणत्या आवृत्तीचे आहे, हे पानाच्या वरच्या भागात लिहिलेले असते आणि तिथूनच आवृत्ती बदलताही येते. शोधयंत्राने नेऊन सोडलेले पान बऱ्याचदा जुन्या आवृत्तीचे निघते, म्हणून पान उघडताच प्रथम आवृत्ती पाहावी आणि मगच मजकुराकडे वळावे, ही सवय मी आमच्याकडील मुलांना पहिल्या दिवशी लावतो.

आता कोणी म्हणेल की प्रश्न विचारताच उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली असताना हा खटाटोप कशाला. ती साधने आम्हीही वापरतो आणि त्यांचा उपयोग होतो. परंतु ती कधी कधी अस्तित्वातच नसलेले फंक्शन किंवा वेगळ्याच आवृत्तीतील पर्याय तितक्याच ठामपणे सांगतात, आणि ते खरे की खोटे हे ताडून पाहण्याचे ठिकाण शेवटी अधिकृत संदर्भ हेच आहे. ज्याला तो वाचता येत नाही, त्याच्याजवळ उत्तराची पारख करायला काही उरत नाही. म्हणून या कौशल्याची गरज या दिवसांत वाढली आहे, असे माझे मत आहे.

आमच्या कार्यालयालाही हा धडा घ्यावा लागला. दूध संस्थांच्या सचिवांसाठी आम्ही प्रथम जी मराठी माहितीपुस्तिका केली, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचण्यासारखी लिहिली होती. तिच्यात सर्व काही होते, तरी एकही सचिव ती उघडत नसे. बिलाच्या दिवशी सगळे दूरध्वनीच करीत. पुढे आम्ही तिची मांडणी बदलली. पडद्यावरील प्रत्येक बटणावर जे नाव आहे त्याच नावाची नोंद, नोंदीत आधी ते काय करते, मग काय लागते, मग काय चुकू शकते, आणि शेवटी अकारविल्हे सूची. त्या सूचीत सचिव जे शब्द बोलतात तेच शब्द, म्हणजे ‘कपात’, ‘उचल’, ‘फरक बिल’. तेव्हापासून ती पुस्तिका त्यांच्या टेबलावर असते आणि दूरध्वनी करणारे सचिवही पान क्रमांक सांगून बोलतात. संदर्भ लिहिणाऱ्याने आपली जबाबदारी पाळली पाहिजे, हेही मला या निमित्ताने नोंदवायचे आहे, कारण जगातील सर्वच डॉक्युमेंटेशन पायथॉन किंवा पोस्टग्रेसइतके व्यवस्थित नसते.

या पार्श्वभूमीवर माझ्या काही विनंत्या आहेत. पहिली आपल्या भागातील अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांना आहे. प्रथम वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांपैकी पहिली दोन केवळ डॉक्युमेंटेशन वाचण्यासाठी ठेवावीत, आणि विद्यार्थ्यांकडून जर्नलमध्ये उतरवून घेण्याऐवजी त्यांना प्रश्न द्यावेत: अमुक फंक्शन कोणत्या आवृत्तीत आले, ते कोणती चूक झाल्यास कोणता अपवाद (एक्सेप्शन) उभा करते, त्याचे ऐच्छिक मूल्य कोणते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी अधिकृत डॉक्युमेंटेशन संगणकावर उघडे ठेवू द्यावे. व्यवसायात कोणीही ते बंद ठेवून काम करीत नाही, मग परीक्षेतच ते चोरून पाहण्याची वस्तू का असावी? यासाठी इंटरनेट लागत नाही. पायथॉनचे संपूर्ण डॉक्युमेंटेशन उतरवून प्रयोगशाळेतील संगणकांवर ठेवता येते, पोस्टग्रेसचे पीडीएफ स्वरूपात मिळते, आणि पायथॉनच्या आत हेल्प असे लिहून फंक्शनचे नाव दिले तरी त्याची थोडक्यात माहिती समोर येते. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतील जी मुले सुटीत घरी जातात आणि जिथे नेटवर्क धड मिळत नाही, त्यांना तर याचा मोठा आधार होईल.

दुसरी विनंती ग्रंथालयांना आहे. कोल्हापूरला ग्रंथालयांची जुनी परंपरा आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची आहे. सूची, वर्गांक, परस्परसंदर्भ या गोष्टी ग्रंथपालांच्या रोजच्या कामाच्या आहेत, आणि वाचकाचा वेळ वाचवा हे एस. आर. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र तेच तर सांगते. संगणकाच्या मुलांना सूची वापरायला शिकवण्याचे काम ग्रंथपाल माझ्यासारख्या अभियंत्यापेक्षा अधिक चांगले करतील, याविषयी मला शंका नाही. शहरातील आणि तालुक्यांच्या ठिकाणच्या वाचनालयांनी एक संगणक या कामासाठी राखून ठेवला आणि महिन्यातून एक तास दिला, तरी सुरुवात होईल.

तिसरी गोष्ट मराठीची. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनची जपानी, फ्रेंच, कोरियन अशी भाषांतरे स्वयंसेवकांच्या श्रमातून उभी राहिली आहेत. एवढे मोठे काम लगेच हाती घ्यावे असे मी म्हणत नाही, कारण संदर्भ विभाग दर आवृत्तीला बदलतो आणि अर्धवट राहिलेले किंवा शिळे झालेले भाषांतर वाचकाची दिशाभूल करते. त्याऐवजी वीस-पंचवीस पानांची एक मराठी वाटाड्या पुस्तिका आधी व्हावी: डॉक्युमेंटेशनचे भाग कोणते, चिन्हांचा अर्थ काय, नोंद कशी वाचावी, आणि ‘डेप्रिकेटेड’, ‘रिटर्न्स’, ‘रेझेस’, ‘डिफॉल्ट’ असे जे पन्नास-साठ इंग्रजी शब्द सतत भेटतात त्यांचा सोप्या मराठीत खुलासा. तिच्यात फंक्शनला फंक्शन आणि आर्ग्युमेंटला आर्ग्युमेंटच म्हणावे, असा माझा आग्रह आहे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांविषयी मला पूर्ण आदर आहे, पण ज्याला पुढच्या क्षणी इंग्रजी पानावर तोच शब्द शोधायचा आहे, त्याच्या हाती वेगळा शब्द दिला तर त्याचे काम दुप्पट होते.

अशा पुस्तिकेचा कच्चा मसुदा मी आमच्याकडील दोन माजी प्रशिक्षणार्थींच्या मदतीने लिहायला घेतला आहे. त्यांत दुधाच्या बिलावर दोन दिवस अडलेला तो मुलगाही आहे, आणि संदर्भातील चिन्हांचे प्रकरण त्यानेच लिहिले आहे. मसुदा पूर्ण झाल्यावर तो कोणत्याही महाविद्यालयास अथवा वाचनालयास विनामूल्य देण्याची आमची तयारी आहे. आपल्या शैक्षणिक पुरवणीत त्यातील एखादे प्रकरण छापण्यास जागा मिळाल्यास, शिक्षकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून दुरुस्त्या येतील आणि तो अधिक निर्दोष होईल. प्रत्येक शनिवारी सायंकाळी दोन तास मी स्वतः मुलांसोबत बसू शकतो. ज्या वाचनालयाला जागा आणि एक संगणक देणे शक्य असेल, त्यांनी आपल्या दैनिकामार्फत तसे कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक संगणक व्यावसायिक
शाहूपुरी, कोल्हापूर